पांच सेंटिमीटरांची रेषा

रोगट अवयवच शरीरांतून समूळ काढून टाकला, तर रोग राहील कोठें? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. यकृताच्या कर्करोगावर यकृतप्रत्यारोपणाचा उपाय योजणाऱ्या पहिल्या शस्त्रवैद्यांचा भरंवसा याच तर्कावर होता. अनुभवानें त्याला काय उत्तर दिलें, आणि त्या उत्तरांतून शस्त्रक्रियेपूर्वींच रोगाचें भविष्य वर्तविण्याची विद्या कशी निर्माण झाली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मानवी यकृताच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न डॉ. थॉमस स्टार्झल यांनीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें १९६३ सालीं केला. तो रुग्ण शस्त्रक्रियेंतच दगावला. पुढें जुलै १९६७ मध्यें यकृताचा कर्करोग झालेल्या एकोणीस महिन्यांच्या एका बालिकेस त्यांनीं नवें यकृत बसविलें. ती वर्षाहून अधिक काळ जगली. परंतु अखेर तिला नेलें तें जुन्या कर्करोगानेंच. गांठ यकृतांत असली तरी तिच्या पेशी रक्तावाटे आधींच बाहेर पडलेल्या असूं शकतात. आणि शरीरानें परकें यकृत नाकारूं नये म्हणून जीं औषधें द्यावीं लागतात, तीं या पेशींवरचा पहाराही ढिला करतात. पुढील वीसएक वर्षें कापून काढतां न येणाऱ्या मोठ्या गांठींचे रुग्णच बहुधा या उपायासाठीं येत. त्यांतील अनेकांचा रोग उलटला, आणि पुष्कळ शस्त्रवैद्यांनीं हात आखडता घेतला.

मग १९९३ सालीं फ्रान्समधील आन्री बिस्म्यूथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांच्या गांठी लहान व एकदोनच आहेत, त्यांनाच प्रत्यारोपणाचा खरा लाभ होतो. आतां प्रश्न उरला तो पोट न उघडतां गांठ मोजण्याचा. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ मध्यें प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें होतें. त्याच सीटी स्कॅनचा यकृतासाठीं उपयोग होऊं लागला. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेंतून मिळतें, तर कर्करोगाची गांठ मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर पोसते. त्यामुळें शिरेंत टोंचलेलें रंजकद्रव्य प्रथम गांठींत उजळतें आणि पुढें भोंवतालच्या यकृतापेक्षां लवकर मावळतें.

या चित्रांच्या आधारें मिलान येथील विन्चेन्झो माझाफेरो यांनीं ४८ रुग्ण निवडले. गांठ एकच असेल तर पांच सेंटिमीटरपर्यंत. तीनपर्यंत असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत. आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत रोगाचा शिरकाव नसावा, असा त्यांचा नियम होता. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें चार वर्षांनंतरचें जगण्याचें प्रमाण शेंकडा ७५ होतें. हीच मिलानची मर्यादा जगभर प्रमाण मानली गेली.

परंतु त्याच निबंधांत आणखी एक गोष्ट आहे. काढलेलीं यकृतें तपासतां ४८ पैकीं १३ रुग्णांचा रोग मर्यादेपलीकडे गेलेला आढळला. त्यांचें चार वर्षांचें जगण्याचें प्रमाण शेंकडा ५० होतें. उरलेल्या ३५ जणांचें ८५. म्हणजे चित्र फसलें होतें. पण नियम मोडूनही त्यांपैकीं निम्मे जगले, हेंही तितकेंच खरें.

पुढील इतिहास या दुहेरी साक्षीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यांनीं २००१ सालीं एका गांठीची मर्यादा साडेसहा सेंटिमीटरपर्यंत नेली. २००९ सालीं माझाफेरो यांनींच १५५६ रुग्णांच्या माहितीवरून सैलसर नियम सुचविला. परंतु त्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रोगाचा शिरकाव नसावा अशी अट होती, आणि तो शिरकाव निश्चितपणें दिसतो सूक्ष्मदर्शकाखालीं, म्हणजे बहुधा यकृत काढल्यावर! तोच आधीं ओळखावा म्हणून आतां गांठीची वेडीवांकडी कड पाहतात, ती किरणोत्सर्गी साखर किती शोषते हें पेट स्कॅननें तपासतात, आणि डोळ्यांस न जाणवणारे छटांचे भेद संगणकाकडून मोजून घेतात. रक्तांतील अल्फाफीटोप्रोटीनही जमेस धरतात. संगणकाचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण त्यांतील बरेचसे एकेका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर आधारलेले असल्यानें त्यांवर विसंबण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. मृत दात्याचें यकृत एकास दिलें म्हणजे दुसऱ्यास नाकारलें. आपल्या देशांत तर यकृताचा भाग बहुधा जिवंत आप्तच देतो. बापासाठीं मुलगी शस्त्रक्रियेच्या मेजावर निजते, तेव्हां चित्राचा कौल दोघांच्या जिवाशीं निगडित असतो. रोग उलटण्याचा संभव अधिक आहे हें जाणूनही ती पुढें येईल. पण तो किती, हें तिला आधीं स्पष्ट सांगितलें गेलें पाहिजे. सेंटिमीटरची रेषा वैद्यानें आंखावी; तिच्या अलीकडे अभय नाहीं आणि पलीकडे केवळ अंधारही नाहीं, हें मात्र त्यानें लपवूं नये.