टेबलावरची आमरी

आमच्या शहरातल्या ऑर्किडप्रेमींच्या मंडळात मी चार वर्षांपूर्वी दाखल झाले. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बैठक भरते. मध्ये एक लांब टेबल असते. ज्याच्या रोपाला फूल आले असेल त्याने ते आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि सोबत चिठ्ठी लावायची: रोपाचे नाव, कुठून आणले, किती वर्षे सांभाळले, कशात लावले. मग रोप हातोहात फिरते आणि मालक उभा राहून सांगतो. कोळसा किती घातला, विटांचे तुकडे किती, नारळाच्या सोडणात पाणी साचून मुळे कुजली का, सगळे.

पहिल्याच बैठकीला मी मोठ्या ऐटीत ‘सीतेची वेणी’ घेऊन गेले. जूनचा पहिला आठवडा होता. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा घोस लोंबत होता. घाटात रस्त्याकडेला एका मुलाकडून पन्नास रुपयांना घेतलेले रोप. चिठ्ठीवर मी तसेच लिहिले. मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी ती वाचली, रोप अलगद उचलले आणि खिडकीत ठेवले. “ताई, रोप सुंदर आहे, पण टेबलावर नको.”

मला राग आला. त्या टेबलाला एवढा मान कशाचा? त्या रागातूनच मी या विषयाच्या मागे लागले.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. तिचा इतिहास बहुधा धनिकांचा आणि त्यांच्यासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या संग्राहकांचा म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, आणि बराचसा मृत्यूंचा आहे. 1850 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत होता. तिथली निळी व्हँडा त्याने लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली ती सात माणसांचे ओझे होईल एवढी. त्यातली फार थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. त्याच जागेवरून दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे पाठवले. तेही वाईट अवस्थेत पोहोचले, तरी 300 पौंडांना विकले गेले. हे हूकरनेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. एवढा भाव मिळत असेल तर झाडावरची रोपे ओरबाडणे कोण थांबवणार?

पोहोचलेली रोपेही टिकत नसत. उष्ण देशातली म्हणून सगळ्यांना एकाच कोंदट, तापलेल्या काचगृहात कोंडले जाई. डोंगरावरच्या थंड हवेत वाढणारी रोपे त्यात उकडून मरत. रोप आणणे ही पैशाची गोष्ट होती. ते जगवणे ही निरीक्षणाची गोष्ट होती आणि ते निरीक्षण कुणीतरी कुणाला तरी सांगावे लागते.

सांगण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये ऑर्किडच्या आधीपासून होती, आणि तीही गरिबांच्या घरी. लँकेशर परगण्यातले हातमागाचे विणकर रविवारी गुत्त्यात जमून वनस्पतींची मंडळे चालवत. वर्गणीतला काही भाग दारूवर आणि काही पुस्तकांवर खर्च होई. प्रेस्टविच गावच्या मंडळाचा अध्यक्ष जॉन हॉर्सफील्ड हा स्वतः विणकर. त्याने बैठकीची रीत लिहून ठेवली आहे. आणलेल्या वनस्पती टेबलावर ठेवायच्या. अध्यक्षाने एक उचलून डाव्या हाताच्या माणसाकडे द्यायची, तिचे नाव सांगायचे. त्याने ते पुढच्याला सांगायचे. असे नाव खोलीभर फिरे. ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते, ती माणसे अशी लॅटिन नावे तोंडपाठ करत.

याच लँकेशरमध्ये, मँचेस्टरला, 1897 साली ऑर्किड लावणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. आता मंडळी वेगळी होती, काचगृह आणि त्यासाठी लागणारा कोळसा परवडणारी. पण मधोमध टेबल तेच होते. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने ऑर्किडसाठी स्वतंत्र समिती 1889 मध्येच नेमली होती. तिथेही रोप समोर आणूनच पारखले जाई. आजही ही संस्था एक प्रमाणपत्र रोपाला न देता ते उत्तम वाढवणाऱ्या हाताला देते.

प्रयोगशाळेलाही या हाताच्या मागून यावे लागले. 1856 साली एक्झेटरच्या व्हीच रोपवाटिकेत माळी जॉन डॉमिनीने केलेल्या पहिल्या संकरित ऑर्किडला फूल आले. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची मदत लागते. माळ्यांना हे कारण ठाऊक नव्हते. पण आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांशी बी टाकले तर काही उगवते, हे ते जाणत होते. बुरशी त्या मुळांत होती. फ्रान्सच्या नोएल बर्नारने हे कोडे 1899 पासून उलगडत नेले आणि 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसनने बुरशीशिवाय, साखरेच्या पोषक माध्यमावर, बी रुजवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर रानातून रोप आणायची गरजच उरली नाही. सवय मात्र उरली.

आपल्याकडेही असे एक टेबल होते. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यात दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन. महिन्यातून एकदा जमायचे, टिपणे वाचायची, नमुने मांडायचे, असे ठरले. पहिल्या बैठका भायखळ्याच्या, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाल्या. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचे मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडवरचे काम याच संस्थेच्या नियतकालिकातून क्रमशः आले आणि 1966 साली ग्रंथरूप झाले. आपली आमरी ओळखायची कशी, हे त्या परंपरेने शिकवले. ती जगवायची कशी, हे मात्र कुंड्या घेऊन जमणाऱ्या मंडळांकडेच शिकावे लागते.

आता मला खिडकीत ठेवलेल्या रोपाचा अर्थ लागतो. टेबल हे जगवलेल्या रोपाचा मान करण्यासाठी असते. ओरबाडलेले रोप तिथे ठेवले, त्याला टाळ्या पडल्या, की पुढच्या रविवारी दहा जण घाटात थांबणार. आणि तो मुलगा उद्या आणखी एका झाडावर चढणार.

माझी सीतेची वेणी दुसऱ्या पावसाळ्यात गेली. मी तिला ओंडक्यावर बांधण्याऐवजी माती घातलेल्या कुंडीत लावले होते. हवेत मोकळी राहणारी तिची मुळे मातीत कुजली. त्या महिन्याच्या बैठकीला मी रिकामी कुंडी घेऊन गेले आणि चिठ्ठीवर सगळे लिहिले: कुठून आणली, काय चुकले, कधी मेली. काकांनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि कुंडी टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. शेवटच्या बाकावरच्या एका नव्या मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतले.