एका घागरीत मीठ किती?

वऱ्हाडात समुद्र नाही, तरी १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, असं म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे मित्र हमखास विचारतात, "मीठ आणलं कुठून?" उत्तर सोपं आहे. विहिरीतून!

६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून कायदा मोडला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. आमचं नांदगाव खंडेश्वर त्याच्या बाहेर. दर्यापूरकडे सोयरीक झाली की मग खारं पाणी म्हणजे काय ते कळतं.

आता जरा हिशेब करू. शाळेतलाच आहे: लिटरमागे किती क्षार, गुणिले किती लिटर. दहीहंड्याच्या विहिरीचा त्या वेळचा आकडा माझ्याजवळ नाही, म्हणून उदाहरणादाखल लिटरला ३ ग्रॅम धरू. पंधरा लिटरची घागर आटवली की ४५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार तोळे. तेही सगळं खायचं मीठ नव्हे, त्यात इतर क्षारही आले. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतात, तीच घागर तिथे अर्धा किलो देईल. चार तोळ्यांसाठी घागरभर पाणी आटवायचं, म्हणजे लाकूडफाटाच महाग पडायचा. पण कायदा मोडायला चिमूटभर पुरते, आणि तेवढी आमच्या मातीत होती. पुढे १० जुलैला लोकनायक अण्यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला. वऱ्हाडाला तो अधिक सोयीचा, कारण गवत आटवावं लागत नाही!

गंमत सोडा. हाच गुणाकार शेतात नेला की हसू मावळतं. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. गुणिले ३ ग्रॅम. सहाशे किलो. एका ओलितात सहा क्विंटल क्षार शेतात! पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यातलं सोडियम काळ्या चिकण मातीला धरतं, माती फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पावसाचं पाणीसुद्धा नीट मुरत नाही. विहीर भरलेली असूनही तिकडचा शेतकरी कोरडवाहू का, याचं उत्तर या सहा क्विंटलांत आहे.

पिण्याचंही तेच. दिवसाला तीन लिटर प्यायलं की ९ ग्रॅम क्षार पोटात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला अर्धा ग्रॅम बरा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दोन. म्हणून शहानूर धरणाचं पाणी नळाने आलं, त्याचं मोल तिकडच्या बायांना विचारा.

सत्याग्रहाच्या इतिहासात दहीहंड्याला एखादी ओळ मिळते. पण ज्या विहिरीने त्या दिवशी सरकारला नमवायला हात दिला, तिच्याच पाण्याशी त्या पट्ट्यातल्या माणसांचं रोजचं भांडण चालू होतं. ते मिठाच्या कायद्याबरोबर संपलं नाही.