नळाच्या आतले अस्तर

नवी मुंबईला आपण सवयीने नवे शहर म्हणतो. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली, वाशीपासून वसाहती उभ्या राहत गेल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी महापालिकाही आली. पहिल्या वसाहतींतले जे नळ अजून बदललेले नसतील, ते आता पन्नाशीच्या आसपास आहेत. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते खरे. पण तेथून घरापर्यंत ते ज्या नळातून येते, त्याची आतली बाजू कोणी पाहत नाही.

अस्तर नसलेल्या बिडाच्या किंवा पोलादाच्या नळात पाण्यातील ऑक्सिजनमुळे लोखंड गंजते व गंजाच्या गाठी वाढत जातात. समजा, १०० मि.मी. व्यासाच्या नळात चोहोबाजूंनी १० मि.मी. थर बसला. पोकळी उरली ८० मि.मी.ची. विद्यार्थी क्षेत्रफळ काढून सांगतील, पाणी ६४ टक्के येईल. प्रत्यक्षात, दाब तोच असेल तर, वहन व्यासाच्या साधारण २.६३ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे पाणी ५६ टक्केच. खडबडीतपणा धरला तर त्याहूनही कमी.

ही अडचण नळाच्या पाण्याइतकीच जुनी आहे. विहार तलावाचे पाणी ३२ इंची बिडाच्या नळातून मुंबईत आले ते १८६० साली. त्याच्या दहाएक वर्षे आधी मँचेस्टरचे रसायनज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी तापवलेले नळ गरम डांबरात बुडवून काढण्याची युक्ती शोधली होती. (आम्लवर्षेवर लिहिणारे ते हेच.) ही पद्धत शंभरावर वर्षे चालली. पुढे लक्षात आले, की कोळशाच्या डांबरातील काही घातक हायड्रोकार्बन पाण्यात उतरतात. गंज थांबला, पण अस्तरच पाण्यात येऊ लागले! अस्तराच्या साऱ्या इतिहासात हा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहतो.

सिमेंटचे अस्तर साधे व भरवशाचे. त्यातील चुन्यामुळे लोखंडालगतचे पाणी अल्कधर्मी होते आणि गंज मंदावतो. मात्र थर काही मिलिमीटर जाड असल्याने लहान नळात जागा खातो.

मग आली कृत्रिम राळ. इपॉक्सी रेझिन स्वित्झर्लंडच्या पिएर कास्ताँ यांनी १९३० च्या दशकात बनवले ते दातांच्या कवळ्यांसाठी! सिडकोनंतर वर्षभराने, १९७१ मध्ये, एरिक वुड यांनी लंडनच्या हॅकनी भागात रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची नळी जुन्या गटारात घालून ती आतच घट्ट केली. रस्ता न खोदता नवा नळ तयार. पण गटाराला चालणारे रेझिन पिण्याच्या पाण्याला चालेलच असे नाही. पाण्याच्या नळांसाठी ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस इपॉक्सीच्या फवाऱ्याची पद्धत पुढे आली. नळ रिकामा करून खरवडायचा, फिरत्या डोक्याचे यंत्र आतून ओढत न्यायचे. राळ व कठीणकारक तेथेच मिसळून भिंतीवर उडतात. थर जेमतेम एक मिलिमीटर. रात्रभर वाळू द्यायचा, धुवायचा, निर्जंतुक करायचा.

इपॉक्सीतही बिस्फेनॉल-ए असते. मिश्रणाचे प्रमाण चुकले किंवा थर कच्चा राहिला, तर ते पाण्यात उतरू शकते. युरोपीय संघाने २०२० च्या निर्देशात पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला २.५ मायक्रोग्रॅम ठरवली. तेव्हा स्वस्त कंत्राटापेक्षा काटेकोर देखरेख महत्त्वाची, असे मला वाटते.

आणखी एक. एवढा पातळ थर गंज अडवतो, मोडका नळ सावरत नाही. सांधा गळत असेल आणि पाणी ठरावीक तासच येत असेल, तर दाब उतरताच बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. अशा ठिकाणी भार पेलणारे जाड अस्तर हवे, नाहीतर नळच बदलायला हवा. कोणत्या सेक्टरमध्ये काय करायचे, हे नळाचा तुकडा कापून पाहिल्यावरच कळते. जुन्या इमारतीचे काम चालू असेल तर प्लंबरकडून असा एक लोखंडी तुकडा मागून घ्या आणि मुलांना त्याचा आतला व्यास मोजू द्या.