पंचांग, शिळाछाप आणि रुसलेला प्रिंटर

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री एका काकूंचा फोन आला. "अगं, तेवढं पंचांगाचं पान छापून देशील का? इथल्या सूर्योदयाचं, फ्रँकफर्टचं. पूजेत मला तो मोबाइल नको बाई."

माझ्याकडे एक साधा इंकजेट प्रिंटर आहे, सेकंड-हँड घेतलेला. त्याने कागद अर्धा आत ओढला, शाईची गाडी डाव्या भिंतीवर दाणकन आपटली आणि कागद अडकल्याचा लाल दिवा लागला. आत बघितलं तर कागद कुठेच अडकलेला नव्हता. याआधी एकदा एका दुकानात विचारलं होतं, तेव्हा नुसतं तपासायचेच पैसे नव्या प्रिंटरच्या किमतीला टेकत होते. तेव्हा या वेळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच बसले.

छापायचं होतं पंचांग, म्हणून सारखे गणपत कृष्णाजी आठवत होते. पॉडकास्टमध्ये त्यांचं नाव ओझरतं आलं होतं, इथे जरा नीट सांगते.

गणपत कृष्णाजी हे मुंबईचे, भंडारी समाजातले. त्यांनी १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३ चं, मराठी पंचांग छापलं. तोवर पंचांग हाताने लिहिलं जाई आणि तिथी-वार सांगणं हे जोशीबुवांचं काम होतं. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दगडावरची छपाई पाहिली आणि आपणही हे करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढचं सगळं गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये नोंदवलंय. त्यांनी आधी स्वतःच लाकडी यंत्र बनवलं, दगडाचा लहानसा तुकडा मिळवून त्यावर प्रयोग केले आणि शाईही घरीच तयार केली. लोखंडी यंत्र आणि मोठे दगड नंतर आले.

हा जो दगड, त्याचं मूळ आपल्या, म्हणजे माझ्या आत्ताच्या, शेजारचं आहे. दगडावरून छापायची युक्ती आलोइस झेनेफेल्डर या नाटककाराने १७९६ ते १७९८ च्या दरम्यान बव्हेरियात शोधली. आपली नाटकं स्वस्तात छापून मिळावीत एवढाच त्याचा हेतू होता. हाताशी कागद नव्हता म्हणून धोब्याकडच्या कपड्यांची यादी दगडावर लिहिली आणि तिथून सगळं सुरू झालं, असं तो स्वतःच सांगतो. पुढे योहान अँटोन आंद्रे या संगीत-प्रकाशकाने त्याला ऑफेनबाखला आणलं. फ्रँकफर्टहून एस-बानने काही स्टेशनांवरचं तेच ऑफेनबाख. तिथे १८०० च्या सुमारास दगडावरून संगीताची पानं निघू लागली. तीस-एक वर्षांत तीच विद्या मुंबईत एका लाकडी यंत्रापर्यंत पोचली.

तत्त्व अगदी घरगुती आहे: तेल आणि पाणी एकत्र येत नाही. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, अक्षरावर बसते. देवनागरीला हे फार सोयीचं होतं. काने-मात्रा, जोडाक्षरं धरून खिळे शेकड्यांनी ओतावे लागत. इथे बोरूने लिहिणारा चांगला लेखनिक असला की भागत असे. (खिळेही गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतः पाडून घेतले, पण तो वेगळा लेख होईल.)

शिळाछाप बिघडली की कारण डोळ्यांना दिसतं. पाणी कमी पडलं की सगळं पान काळवंडतं, दाब एका बाजूला कमी झाला की तिथली अक्षरं पुसट येतात, शाई सैल असली की ती पसरते. गणपत कृष्णाजींना कुणी शिकवल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. मला वाटतं, यंत्र उघडं होतं हाच त्यांचा गुरू. नुसतं बघून समजत होतं.

इंकजेटमध्ये बघून कमीच समजतं, म्हणून आधी ऐकायचं. मोटर फिरतेय पण कागद सरकत नाही, तर बहुधा कागद उचलणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालाय. ओलसर फडक्याने पुसला की पुन्हा पकडतो. गाडी भिंतीवर आपटतेय, तर वेगळा संशय. गाडीच्या मागे एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आडवी ताणलेली असते आणि तिच्यावर केसाहून बारीक रेघा असतात. गाडी त्या रेघा मोजत धावते. पट्टीवर शाईचा डाग पडला की मोजणी चुकते, गाडीला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं आणि यंत्र सांगतं, कागद अडकला! साध्या पाण्याने हलक्या हाताने पुसायची. स्पिरिटने कधीकधी रेघाच निघून जातात.

एवढं ठीक. पण बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड साफ करताना वाया जाणारी शाई तळाच्या स्पंजमध्ये मुरते आणि तो भरला की नाही हे यंत्र बघत नाही, आतला आकडा बघतं. आकडा संपला की यंत्र बंद. दगडाच्या यंत्रात असं काही नव्हतं, तिथे छापणाऱ्याला कळायचं. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल आहेत. घरगुती प्रिंटर नाही. मला हे खटकतं.

एक गंमत राहिलीच. एकोणिसाव्या शतकात शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नसे. त्यावर तोडगा म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात. आज काकूंना पूजेत मोबाइल चालत नाही, छापलेला कागद मात्र चालतो.

माझ्या पट्टीवर डावीकडे निळा डाग होता. पुसला, पट्टी जागच्या जागी अडकवली, चालू केलं. साडेअकराला पान निघालं, कडेला एक फिकट पट्टा सोडला तर स्वच्छ. सकाळी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ धरलं आणि म्हणाल्या, "अक्षर जरा मोठं नाही का येत गं?"