नाणेघाट, कल्याण बंदर आणि कोष्ट्याचे सूत

रोमन किल्ले व रस्ते म्हटले, की इंग्लंडातील हेड्रियनची भिंत आठवते. ते बांधकाम पलटणींनी केले आणि पलटणींसाठीच केले. आपल्याकडे रोमची पलटण कधी आली नाही. रोमचे सोने मात्र आले. तो व्यापार ज्या घाटाने चढे, तो भिवंडीपासून फार दूर नाही.

कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्यापर्यंत गेले, की नाणेघाटाची चढण लागते. जुन्या फरसबंदीचे चिरे अजून पायांखाली येतात. माथ्याजवळ खडक फोडून काढलेली खिंड, एक लेणे, आणि ज्यात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात तो दगडी रांजण. 1828 साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने लेण्यातील लेख उजेडात आणला. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातील यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांची ती यादी आहे, आकड्यांसकट. राजकुळातील माणसांचे पुतळेही होते. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. खडक फोडणाऱ्या पाथरवटाचे नाव कोठेच नाही. गाई मोजणाऱ्या लेखनिकाने त्याची मजुरीही मोजली असती, तर आमच्यासारख्यांवर मोठे उपकार झाले असते!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रपोथी लिहिली. पैठणहून अकीक आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांतून बिकट मुलखातून भडोचला जाते, असे तो सांगतो. जवळचे कल्याण सोडून भडोच का? तेही त्याने लिहिले आहे. कल्याण पूर्वी रीतसर बंदर होते. पुढे सत्ता बदलली, आणि तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. राजे बंदरासाठी भांडत होते, आणि लांबच्या वाटेचा भार, माझ्या मते, अखेर गाडीवानावर व विणकरावर पडत असणार.

हे कापड पोचले कोठे? इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात 1994 पासून उत्खनन झाले. तेथे हिंदी सुती कापडाचे, शिडाच्या कापडाचेही तुकडे निघाले. ते हिंदी हे ओळखले कशावरून? पिळावरून. इजिप्तचा कातणारा सुताला एका दिशेने पीळ देई, आपला उलट दिशेने. मागावर उभे राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

ज्यांनी विणले, त्यांचा पत्ता नाशिकच्या लेण्यांत लागतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये 3,000 कार्षापणे गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: एकीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1,000, पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रासाठी बरोबर बारा-बारा कार्षापणे. आज यंत्रमाग घ्यायचा तर जामीन शोधत फिरावे लागते. त्या काळी राजाचा जावईच श्रेणीकडे ठेव घेऊन आला. आणि ही मुद्दल परत करायची नाही, व्याज तेवढे भोगायचे, अशी अटही त्याने दगडात कोरून ठेवली.