रक्ताची गुठळी आणि झडपेतील चुना

१९३३ च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. त्याच्यापाशी एक मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठणारे रक्त होते. स्वीट क्लोव्हरचा बुरसलेला चारा खाऊन त्याची गुरे रक्तस्रावाने दगावत होती. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे त्या चाऱ्यातील डायकुमारॉल वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले.

‘रक्त पातळ करणारे’ हे औषध प्रत्यक्षात रक्त पातळ करीत नाही. ते शरीरातील के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखते. या जीवनसत्त्वामुळेच रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांना कॅल्शियम धरून ठेवता येते. त्यामागील रसायन १९७४ मध्ये उलगडले.

मात्र के जीवनसत्त्वाचे कार्य रक्तापुरते मर्यादित नव्हते. १९८३ मध्ये पॉल प्राइस आणि सहकाऱ्यांना गुरांच्या हाडांत मॅट्रिक्स ग्ला प्रथिन सापडले. १९९७ मध्ये या प्रथिनाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या धमन्या कॅल्शियमने कडक होऊन फुटल्या. ते दोन महिन्यांत मेले. म्हणजे हे प्रथिन मऊ ऊतींमध्ये चुना साचू न देणारा पहारेकरी होते, आणि त्यालाही के जीवनसत्त्वच लागत होते. पुढच्याच वर्षी प्राइस यांनी वॉरफरिन दिलेल्या उंदरांच्या धमन्यांत व हृदयाच्या झडपांत काही आठवड्यांतच कॅल्शियम साचल्याचे दाखवले. २००४ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी महाधमनी झडपांच्या एका अभ्यासात, अशी औषधे घेणाऱ्यांच्या झडपांत सुमारे दुप्पट कॅल्शियम आढळले.

हा संबंध आहे, कार्यकारणाची सिद्धता नव्हे. ही औषधे घेणारे रुग्ण मुळातच अधिक आजारी असू शकतात.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. संधिवाताच्या तापाने येथे तरुणांच्याही झडपा निकामी होतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली देशी कृत्रिम झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवली गेली. अशा यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल आजन्म घ्यावे लागते. के जीवनसत्त्वाला न अडवणारे डॅबिगॅट्रान यांत्रिक झडपांच्या रुग्णांत वापरून पाहिले गेले. परंतु गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली होती.

म्हणून हा इतिहास वाचून कोणी गोळी बंद करू नये. कॅल्शियम वर्षानुवर्षे साचते. गुठळी काही तासांत जीव घेऊ शकते.