श्वानांमधील जठराचा पीळ
ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या श्वानांमध्ये जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाते. पोट ताठ होते, लाळ गळते. उमाळे येतात, पण उलटी होत नाही. अशा वेळी घरगुती उपायांत दवडलेला तास जिवावर बेतू शकतो. प्रथम सलाइन देऊन व वायू काढून रक्ताभिसरण सावरले जाते. मग पोट उघडून पीळ सोडवतात, काळवंडलेला भाग कापतात, प्रसंगी प्लीहाही काढतात. एवढ्यावर थांबणे मात्र अपुरे. जठर उजवीकडच्या उदरभित्तीला शिवले नाही, तर निम्म्याहून अधिक श्वानांत पीळ पुन्हा पडतो. शिवल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास वा त्याहून कमी राहते. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले बहुतेक श्वान वाचतात. तरी पहिले ३ दिवस हृदयाचे ठोके अनियमित होण्याची धास्ती असते.